ओरोझालीची कोल्ह्याची टोपी

ओरोझालीने आयुष्यात किती तांबडे कोल्हे धरले हे त्याचं त्यालाही सांगता यायचं नाही, पण त्याच्या स्वतःच्या डोक्यावर मात्र सदा मेंढीच्या कातड्याचीच टोपी. तीही एका बाजूने उंदरांनी कुरतडलेली. परगावचा पाहुणा कधी विचारायचा, "एवढा नावाजलेला शिकारी तुमचा, आणि याच्या डोक्यावर कोल्हा कसा नाही?" तेव्हा आमच्या कोक-जारची माणसं एकमेकांकडे बघायची आणि मुकाट्याने चहात पाव बुडवायला लागायची. ते कोल्हे कुठे गेले हे सगळ्यांना माहीत होतं. ते त्यांच्याच डोक्यांवर होते.

आमच्याकडे शिकारी शिकार घेऊन परतताना वाटेत जो कोणी भेटेल त्याने नुसतं "शिराल्गा" म्हणायचं, की शिकाऱ्याने घोडा थांबवून शिकार त्याच्या हातात द्यायची. ही भीक नव्हे आणि उसनवारीही नव्हे. मागणाऱ्याने लाजायचं नाही, देणाऱ्याने तोंड वाकडं करायचं नाही. तोंड वाकडं केलं तर पुढच्या बर्फात कुत्र्याचं नाक जातं म्हणतात. बाकीच्या शिकाऱ्यांची घरं पुलाजवळ, त्यांना एखादा तरी कोल्हा घरापर्यंत नेता यायचा. ओरोझालीचं घर गावाच्या पार वरच्या टोकाला. डोंगर नदीपलीकडे आणि पूल खालच्या टोकाला. म्हणजे शिकार घेऊन त्याने अख्खं गाव ओलांडायचं. सत्तर उंबरे, आणि उंबऱ्याउंबऱ्यात एकेक तोंड. त्याची बायको कुलुमकान, देव तिला जागा देवो, म्हणायची, "लोक मला कोल्हेवाल्याची बायको म्हणतात. मी तर त्याच्या कोटाला येणारा वास तेवढा ओळखते."

या ओरोझालीला पाच मुली. मुलगा नाही. चौथी बुर्माकान सात वर्षांची झाली तेव्हा त्याने तिला एका हिवाळी सकाळी उचलून घोड्यावर पुढ्यात घेतलं आणि डोंगरात नेलं. गावात हसू झालं. "ओरोझालीला मुलगा झाला रे, सात वर्षांनी पोटातून बाहेर आला." ओरोझाली म्हणायचा, "हसा. हसून घसा सुकला की घरी या, चहा पाजतो." दुसऱ्या दिवशी पुन्हा मुलगी पुढ्यात.

त्याने तिला बर्फ वाचायला शिकवलं. शाळेत अक्षरं अजून लागली नव्हती तेव्हा तिला पावलं लागत होती. कोल्ह्याची पावलं एका रेषेत पडतात, दोरीवरून चालल्यासारखी. कुत्र्याची पडतात लग्नाहून परतणाऱ्या नवऱ्यासारखी, दोन इकडे दोन तिकडे. नवा बर्फ पडला की लगेच धावू नये, जनावर पहिला दिवस झोपून काढतं. कुत्र्याला भरपेट ठेवू नये, उपाशी तर मुळीच ठेवू नये. आणि पोट जड झालेली कोल्हीण दिसली तर कुत्र्याचा पट्टा सोडू नये, मग गाव काहीही म्हणो. हे सगळं तो तिला ओरडून नाही, घोड्यावरून जाताजाता सांगायचा, गाणं गुणगुणल्यासारखं. कधीकधी तर काहीच सांगायचा नाही. नुसता थांबायचा, आणि ती का थांबलो ते शोधायची.

पुढे तिचं लग्न झालं, नदीखालच्या गावात. नवरा काल्सबेक भला माणूस होता. ती अडतीस वर्षांची असताना तो गवत रचतारचता छातीला हात लावून बसला, आणि बसला तो उठलाच नाही. पोरबाळ नव्हतं. बुर्माकान बापाच्या घरी परतली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. चाळिसावा दिवस झाला तरी उठेना. बहिणी येऊन रडून गेल्या, शेजारणी येऊन समजावून गेल्या. मग एके सकाळी ओरोझाली दारात येऊन उभा राहिला.

"बर्फ दोन दिवसांचा झालाय," तो म्हणाला. "खोगीर घातलंय."

"मला नाही यायचं, आके."

"तुला कोणी विचारलं? घोडी मला बसू देत नाही. तुझी सवय लागलीय तिला."

ही घोडी अशी होती की तिच्यावर म्हशीला बसवलं असतं तरी तिने बसू दिलं असतं. पण बुर्माकान उठली. दिवसभर एक शब्द बोलली नाही. उन्हं कलताना एका ओढ्याकाठी ती वाकली, बर्फाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हा मागच्या डाव्या पायाने लंगडतोय." सकाळचा नकार सोडला तर चाळीस दिवसांत हे तिचं पहिलं धड वाक्य. ओरोझालीने तोंड फिरवलं आणि घोड्याच्या आयाळीत बराच वेळ काहीतरी शोधत राहिला.

बुर्माकान हे कधी बोलून दाखवायची नाही, पण तिच्या मनात हिशेब स्वच्छ होता. जन्म आईने दिला. त्या ओढ्याकाठी पुन्हा दिला तो बापाने.

आता तिला त्रेपन्न सरली आणि ओरोझालीला चौऱ्याऐंशी. सहा वर्षांपूर्वी त्याच्या डोळ्यांपुढे धूर यायला लागला. शहरातल्या डॉक्टरने दिवा पाडून बघितलं आणि सांगितलं की ही नजर गेली ती गेली, उरलेली सांभाळा. उरली होती ती एवढीच, की खिडकी कुठे आणि भिंत कुठे ते कळावं. तेव्हापासून म्हातारा चुलीजवळ बसला तो बसलाच. कुत्र्यांची जबाबदारी बुर्माकानवर आली. सध्याची कुत्री कुयून, लांब तोंडाची, कानांवर झिपऱ्या असलेली, बापाच्याच कुत्र्यांच्या वंशातली. धावायला लागली की खरीच वावटळ, म्हणून ते नाव.

या वर्षी शरदात नदीपलीकडचा एक पाहुणा आला. आत येताना त्याने टोपी काढून ओरोझालीच्या शेजारी गादीवर ठेवली. म्हाताऱ्याचा हात चाचपडत तिच्यावर गेला. थांबला. बोटं केसांत गेली, उलटी फिरली, सुलटी फिरली.

"नर," तो म्हणाला. "डिसेंबरातला. पाठीचा पट्टा पुढे घेतलाय. शिवणारीला अक्कल होती."

पाहुणा हसला आणि बाहेर घोडा बघायला गेला. तेवढ्यात ओरोझालीने ती टोपी उचलली, आपली कुरतडलेली काढली, आणि कोल्ह्याची डोक्यावर घातली. किती वेळ, चहा कपात ओतायला लागतो तेवढाच वेळ. मग काढून जिथल्या तिथे ठेवली. दारातून बुर्माकानने ते पाहिलं, आणि आवाज न करता मागे सरकली.

त्याच दिवशी तिने ठरवलं. या हिवाळ्यात बापाच्या डोक्यावर कोल्ह्याची टोपी आणायची. विकतची नाही, कोणाकडून मागितलेली नाही. त्याने शिकवलेल्या हातांनी, त्याच्याच कुत्र्यांच्या वंशातल्या कुत्रीने धरलेल्या कोल्ह्याची. म्हातारा खोकत होता आणि दर दोन दिवसांनी म्हणत होता, "पुढच्या बर्फाला मी नसेन बरं." तेव्हा जे काही व्हायचं ते याच हिवाळ्यात, आणि तेही फेब्रुवारी सरायच्या आत. मग कोल्ह्याचा केस सुटायला लागतो आणि टोपी घालणाऱ्याच्या चहात पडतो. ही गोष्ट तिने कोणालाच सांगितली नाही. सांगितली असती तर गावाने तोंडं मिटली असती, आणि ते मागून घेतल्यासारखंच झालं असतं.

पहिला कोल्हा डिसेंबरात मिळाला. चांगला मोठा नर. पुलावर शाळेची भट्टी पेटवणारा सोपू फावड्याने बर्फ सारत होता. त्याने मान वर केली.

"शिराल्गा, एजे."

"आजच बरा पुलावर सापडलास?"

"मी रोज पुलावर असतो, एजे. कोल्हा रोज नसतो."

बुर्माकानने खोगिराची वादी सोडली आणि कोल्हा त्याच्या हातात दिला. सोपूने आशीर्वादासाठी तोंडावरून हात फिरवले. ती वर घराकडे निघाली, रिकामी.

दुसऱ्या खेपेला ती शहाणी झाली. जानेवारीत, भर दुपारी, जेवणाच्या वेळी परतली, म्हणजे रस्त्यावर चिटपाखरू नसेल. पुलावर कोणी नाही. शाळेपाशी कोणी नाही. दुकान बंद. साठ उंबरे मागे पडले. घराचं धुराडं दिसायला लागलं, आणि शेवटून चौथ्या घराचं फाटक धाडकन उघडलं. शरिपा आपा बाहेर आली, कोपरापर्यंत पिठाने भरलेली, एका पायात बूट आणि एका पायात नुसता मोजा.

"शिराल्गा," ती म्हणाली आणि फाटकाला टेकली. "थांब, दम घेऊ दे. सत्तरीला आले मी, अशी पळवतेस मला."

"आपा, तुमच्याकडे दोन टोप्या आहेत."

"दोन सुना आहेत. एकीला दिली की दुसरी भांडी आपटते."

"मग त्या दोघींत तिसरी कशाला?"

"तिसरी मला. भांडी आपटायला मलापण येतात."

बुर्माकानने वादी सोडली. तोंड वाकडं केलं नाही, पण सरळ ठेवायला तिला किती कष्ट पडले ते तिच्या घोड्यालाच ठाऊक. घरी आली तेव्हा म्हातारा म्हणाला, "कोणी घेतला?" ती म्हणाली, "शरिपा आपाने." ओरोझाली खुदकन हसला. "ती मला पण सोडायची नाही. एकदा बाळंतीण होती तरी खिडकीतून हाक मारलीन."

मग तीन आठवडे काहीच नाही. बर्फ गोठून कडक झाला, कुयूनचे पंजे कापले. बुर्माकानने त्यांना चरबी चोळली, जाड लोकरीचे मोजे शिवले आणि पुन्हा निघाली. रात्री झोपेत तिचे पाय रिकिबीत असल्यासारखे हलायचे. फेब्रुवारी सरत आला तेव्हा, दोन डोंगर पलीकडे, कुयूनने तिसरा कोल्हा धरला. असा कोल्हा बुर्माकानने दहा वर्षांत पाहिला नव्हता. पाठ विस्तवासारखी, शेपटी हातभर.

ती नदीपर्यंत आली. पूल दिसत होता, पुलावर सोपूचं फावडंही दिसत होतं. तिने घोडा थांबवला, आणि वळवला.

गावामागून एक घळ जाते. त्या वाटेने आमच्याकडे कोणी येतजात नाही. मेंढ्या चोरणारे येतात, तेही अंधारात. नदी उथळ आहे तिथे तिने घोडा पाण्यात घातला आणि घळीत शिरली. काटेरी झुडपांतून घोडा नेताना तिचा कोट दोन ठिकाणी फाटला. कुयून घळीच्या तोंडाशी बसून राहिली, तीनदा हाक मारल्यावर मागे आली. पण कोणी पाहिलं नाही. बुर्माकान परसातून आत आली, बूटही न काढता, आणि कोल्हा बापाच्या मांडीवर ठेवला.

"हा तुमचा, आके. याची टोपी करायची."

ओरोझालीचे हात कोल्ह्यावर गेले. चेहरा असा खुलला की ती बघतच राहिली. नाकापासून शेपटीपर्यंत त्याने एकेक बोट फिरवलं. "नर. तीन वर्षांचा. बाई गं, काय पाठ आहे." शेपटीच्या झुपक्यात बोटं गेली आणि थांबली. त्याने दोन बोटांनी एक काटा ओढून काढला. मग हात खाली केला, तिथे कुयून उभी होती. तिच्या पोटाखालून पाणी ठिबकत होतं.

"गावात आज कोण भेटलं?" त्याने विचारलं.

"कोणी नाही."

"पुलावर सोपू?"

"नव्हता."

"शरिपा मेली का?"

बुर्माकान वाकून बूट काढायला लागली.

"घळीतून आलीस," म्हातारा म्हणाला. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. त्याने कोल्हा मांडीवरून उचलला आणि जमिनीवर ठेवला, पाहुण्याची वस्तू ठेवावी तसा.

मग मात्र तिचं सुटलं. "साठ वर्षं गावाला वाटलंत, आके. साठ वर्षं. एक तुमच्या डोक्यावर चढला तर डोंगर कोसळणार होता? तुम्ही मला काय काय दिलंत, आणि मी तुम्हाला एक टोपी देऊ शकत नाही? गावातल्या गाढवाच्या डोक्यावर कोल्हा आहे आणि तुमच्या डोक्यावर उंदरांचं उष्टं."

"मला काय ते आवडतं म्हणून घालतो?"

"मग?"

ओरोझालीने चाचपडत एक शेणी उचलली. चुलीत शेणी पडल्याचा आवाज झाला.

"तेरा वर्षांचा होतो," तो म्हणाला. "पहिला कोल्हा घेऊन आलो. पुलावर म्हातारा दुईशेन उभा. आमच्या बापाशी त्याचं गवतावरून वैर, सात वर्षं सलाम नाही. त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, शिराल्गा. मला, तेरा वर्षांच्या पोराला. घरी गेलो तर बाप काय म्हणाला? म्हणाला, आजपासून तू शिकारी. रिकाम्या माणसाला शिराल्गा कोण म्हणतं?" त्याने नाक पुसलं. "मला सहा हिवाळ्यांत कोणी म्हटलं नाही. जा, हा रस्त्याने घेऊन जा."

एवढंच. तक्रार म्हणून नाही, हवा थंड आहे म्हणावं तसं तो बोलून गेला आणि चुलीकडे तोंड करून बसला.

बुर्माकानने कोल्हा उचलला आणि पायीच पुलापर्यंत गेली. सोपू अजून तिथेच होता.

"घे," ती म्हणाली.

"मी कुठे म्हटलं?"

"मग म्हण."

"एजे, डिसेंबरात एक घेतलाय मी. लोक काय म्हणतील?"

"सोपू, मी घळीतून आलेय. गुपचूप म्हण आणि घे."

सोपूने फावडं टेकवलं. घळ म्हटल्यावर त्याला काहीतरी घडलंय हे कळलं, आणि खोदूनखोदून त्याने टोपीची सगळी गोष्ट तिच्याकडून काढून घेतली. मग हळूच शिराल्गा म्हणून कोल्हा घेतला. आता सोपूला कळलं म्हणजे भट्टीला कळलं, भट्टीला कळलं म्हणजे शाळेला, आणि शाळेला म्हणजे सत्तर घरांना. पण बुर्माकानचं तिकडे लक्ष नव्हतं. परत चढाव चढताना तिच्या डोक्यात बापाचं ते एकच वाक्य फिरत होतं, सहा हिवाळ्यांचं. टोपीटोपी करत ती हिवाळाभर भलत्याच कोल्ह्यामागे धावत होती.

दुसऱ्या सकाळी तिने दोन घोड्यांना खोगीर घातलं.

बातमी लागताच शरिपा आपा आली. "म्हाताऱ्याला मारायचंच असेल तर घरात मार गं. गरम तरी राहील."

"घरात तो मरतोच आहे, आपा."

"आणि घोड्यावरून पडला म्हणजे?"

"तर पडेल. पाय धरायला या, नाहीतर बाजूला व्हा."

शरिपाने पाय धरले. दोघींनी मिळून म्हाताऱ्याला घोड्यावर बसवलं. तो सारखा म्हणत होता, "अगं, मला काय दिसणार आहे?" आणि म्हणताम्हणता लगाम त्याने बरोबर डाव्या हातात घेतला होता.

पहिल्या दिवशी काहीच मिळालं नाही. संध्याकाळी ओरोझालीचे गुडघे सरळ होईनात, उतरवायला सोपूला बोलवावं लागलं. दुसऱ्या दिवशी वारा सुटला, अर्ध्या वाटेतून परतावं लागलं, म्हातारा खोकूनखोकून निळा पडला. बुर्माकानने त्याला चरबी घालून गरम दूध दिलं, पाठ चोळली, आणि मनात म्हणाली, उद्या नाही म्हणाला तर सोडून देऊ. सकाळी उठली तर तो बूट घालून बसला होता. उलटसुलट, पण घालून.

"फेब्रुवारीचे किती दिवस उरले?"

"दोन."

"मग बसून काय राहिलीस?"

त्या दिवशी आभाळ निरभ्र, बर्फ मऊ. चढ संपतो तिथे ओरोझालीने घोडा थांबवला. बुर्माकानही थांबली. तिला पांढऱ्याशिवाय काही दिसेना. म्हाताऱ्याने मान तिरकी केली.

"मैना भांडतायत," तो म्हणाला. "उजवीकडे, खाली. ओढ्याच्या वळणापाशी. वरून खाली सरकतायत."

तिने जिवाचा कान केला तेव्हा तिला ते किचकिचणं ऐकू आलं. डोंगरातल्या काळ्या-पांढऱ्या मैना कोल्हा दिसला की त्याला शिव्या देत त्याच्या डोक्यावरून चालतात. तिने घोडा कडेला नेला. वळणापाशी एक तांबडा ठिपका, दोरीवर चालल्यासारखा.

"सोडू?"

"अजून नाही. मैना गप्प झाल्या की. तो उंदराला कान लावायला थांबेल."

मैना गप्प झाल्या. "सोड," म्हातारा म्हणाला, आणि कुयून उतारावरून सुटली.

"सांग," तो म्हणाला. "सगळं सांग, काही गाळू नको."

"तो वळला. कुयून वरून गेलीय, वाट कापतेय. त्याने शेपूट फिरवली, ती चुकली. उठली. आता सरळ आहे, मोकळ्यावर आलेत. दोन हात. आके, एक हात—"

"मानेला?"

"मानेला."

ओरोझालीने सुस्कारा सोडला. खोगिरावर तो जरासा उंच झाल्यासारखा दिसला.

दोघं मिळून शिकारीला गेले की शिकार वडीलधाऱ्याच्या खोगिराला बांधायची, अशी आमची रीत. बुर्माकानने कोल्हा आणला आणि बापाच्या खोगिराला बांधला. "कुत्री तुझी, पळापळ तुझी," तो म्हणाला. "ऐकणारे कान तुमचे," ती म्हणाली आणि गाठ आवळली. कोल्हा नर होता, केस अजून घट्ट होता.

पूल आला. सोपू फावडं घेऊन उभा होताच. त्याने कोल्हा पाहिला, कोणाच्या खोगिराला आहे ते पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं. "सलाम, ओरोझाली आके," एवढंच म्हणून तो मन लावून बर्फ सारायला लागला, जिथे सारायला बर्फच नव्हता. म्हाताऱ्याने घोड्याची चाल मंद केली. खाकरला. सोपू काही बोलेना. घोडा पुढे गेला.

रस्त्याला माणसं बाहेर आली होती. सत्तर घरांना टोपीची गोष्ट कळली होती, आणि सत्तर घरांनी ठरवलं होतं की आज म्हाताऱ्याला घरापर्यंत जाऊ द्यायचं. कोणी सलाम केला, कोणी तब्येत विचारली, दुकानदाराने तर दोन्ही हात छातीला लावले. पण तो शब्द कोणाच्या तोंडातून निघेना. ओरोझालीचा घोडा इतका हळू चालत होता की कुयून बसूनबसून पुढे सरकत होती. प्रत्येक आवाजाकडे म्हातारा तोंड वळवायचा, वाट बघायचा आणि पुन्हा पुढे बघायचा. दहा घरं, वीस घरं. बुर्माकानला मागून त्याचे खांदे दिसत होते. डोंगरावर उंच झालेला माणूस उंबऱ्याउंबऱ्याला एक बोट खाली येत होता. पन्नासाव्या घरापाशी तो म्हणाला, "चांगली माणसं आहेत," आणि तिला वाटलं, आता हा घोड्यावरच रडेल.

गावाने चांगुलपणा करून म्हाताऱ्याला पार मारला होता.

शेवटून चौथ्या घरापाशी शरिपा आपा उभी होती. हातांची घडी, ओठ आवळलेले, जन्मात एकदा तरी भलेपणा करायचा म्हणून निश्चय करून उभी. बुर्माकानने तिला डोळ्याने खुणावलं. शरिपाने मान हलवली, म्हणजे, नाही गं, मी नाही मागणार, काळजी करू नको. बुर्माकानने पुन्हा खुणावलं. शरिपाने ओठ आणखी आवळले. घोडा फाटक ओलांडून गेला.

"आपा," बुर्माकान मोठ्याने म्हणाली, "आज जीभ सुनांकडे ठेवून आलात का?"

शरिपाने तिच्याकडे बघितलं. मग पुढे चाललेल्या त्या वाकलेल्या पाठीकडे बघितलं. बाई तोंडाळ असली तरी मूर्ख नव्हती. तिने घागरा उचलला आणि रस्त्यावर धावली, धावायची काहीच गरज नसताना, बूट आपटत, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी.

"शिराल्गा, ओरोझाली आके. थांबा, कुठे पळता? शिराल्गा."

म्हाताऱ्याने लगाम असा खेचला की घोडा दोन पावलं मागे आला.

"कोण? शरिपा?"

"मीच. दुसरं कोण तुमच्या मागे धावणार या वयात?"

"अगं, जानेवारीत माझ्या मुलीचा घेतलास ना?"

"तिचा तिचा. हा तुमचा."

"तुझं पोट आहे का घळ?" ओरोझाली म्हणाला, आणि हातमोजे काढले. वादीची गाठ थंडीने ताठरली होती. त्याची बोटं तिच्यावरून घसरली, पुन्हा लागली, पुन्हा घसरली. सोपू मागून आला होता, तो मदतीला पुढे झाला तेव्हा बुर्माकानने त्याच्या बाहीला धरून मागे ओढलं. सगळी गल्ली उभी राहून बघत होती आणि म्हातारा गाठ सोडवत होता. घाई नव्हती कोणाला. शेवटी गाठ सुटली. त्याने कोल्हा दोन्ही हातांवर घेतला, पाठीवरून एकदा बोटं फिरवली, आणि घोड्यावरून वाकून पुढे केला.

"घे. नर आहे. पाठीचा पट्टा पुढे घे शिवताना, तुझ्या सुनेसारखा वाकडा नको."

"तुमचा हात सदा भरलेला राहो," शरिपा म्हणाली, आणि एवढ्यावर तिला पुढे बोलता येईना, ही तिच्या आयुष्यातली पहिलीच वेळ असावी.

घरी आल्यावर बुर्माकान खोगीर उतरवत असताना शरिपा परसाच्या कुंपणाशी आली. कोल्हा तिच्या बगलेत होता. "मी शिवते," ती कुजबुजली. "शिवून आणून देते. म्हातारा आंधळा आहे, दुसऱ्या कोल्ह्याची म्हणून सांगू."

"बोटं आंधळी नाहीत त्याची. बोटं लावल्याबरोबर ओळखेल, आणि दोघींना घराबाहेर काढील."

"मग काय करू याचं?"

"घाल डोक्यावर. आणि त्याच्यासमोर मिरव. रोज."

आतून फोनवर बोलण्याचा आवाज येत होता. ओरोझालीने सोपूला मोठ्या मुलीला फोन लावायला लावला होता, मग दुसरीला, मग तिसरीला, मग धाकटीला, आणि चौघींनाही तो एकच रडगाणं सांगत होता, खोकत, ओरडत, फोनमध्ये तोंड घालून: "अगं, घराजवळ आलो होतो. चार घरं राहिली होती. पण शरिपाने धरलं ना. काय करणार, द्यावा लागला. नाही गं, कुठली टोपी. मला कोण ठेवू देतंय टोपी."